मानसोपचारात परिचारिकेने औषध लिहून देण्याबद्दल डॉक्टरांना नेमके काय वाटते?

मलप्रभाकाठ (परिचारिका, खानापूर तालुका)

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे सरकारी सेवेत परिचारिका आहे आणि त्यांतली सात वर्षे मनोविकारांच्या रुग्णांचे काम माझ्याकडे आहे. कर्नाटकात मनोचैतन्य कार्यक्रम सुरू झाल्यापासून मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ तालुक्याला येतात. त्या एका दिवशी जांबोटी, कणकुंबी, लोंढा, नंदगड या सगळ्या बाजूंचे रुग्ण येऊन बसलेले असतात. कोणी पहिली बस पकडून आलेले, कोणी जंगलवाटेने दोन-तीन किलोमीटर चालून आधी डांबरी रस्ता गाठलेले. गर्दी एवढी असते की तज्ज्ञ डॉक्टरांना एका रुग्णासाठी जेमतेम पाच मिनिटे मिळतात. आठवड्याचे उरलेले सहा दिवस हे रुग्ण माझे असतात. गोळी चुकली, झोप उडाली, हात थरथरू लागले की विचारायला ते माझ्याकडेच येतात. मराठीतून मन मोकळे करता येते हेही त्याचे एक कारण आहे, कारण औषधाच्या कार्डावरचा मजकूर कन्नडमध्ये असतो आणि घरात तो वाचणारे कोणी असतेच असे नाही.

ज्या प्रसंगामुळे हा प्रश्न विचारावासा वाटला, तो सांगते. फेब्रुवारीत, ऊसतोडीचा हंगाम संपत आलेला असताना, एक बाई भर दुपारी दवाखान्यात आल्या. त्यांना सहा वर्षांपासून लिथियम (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारे औषध) चालू आहे, दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या. थकलेल्या दिसल्या म्हणून मी चहा मागवला, तर त्यांनी उचललेला कप बशीवर खडखड वाजू लागला आणि निम्मा चहा बशीत सांडला. विचारल्यावर कळले की दोन दिवस जुलाब होत आहेत, आणि उसाच्या मोळ्या उचलून कंबर धरली म्हणून त्यांनी गावातल्या दुकानातून आणलेल्या आयबुप्रोफेनच्या गोळ्या चार दिवस घेतल्या आहेत. अंगातले पाणी कमी झाले आणि त्यावर असली वेदनाशामक गोळी पडली की मूत्रपिंडे लिथियम पुरेसे बाहेर टाकीनाशी होतात आणि ते रक्तात साचत जाते, हे आम्हांला प्रशिक्षणात शिकवलेले असते. ड्युटीवरचे डॉक्टर एका अडलेल्या बाळंतिणीच्या शस्त्रक्रियेत गुंतले होते आणि तज्ज्ञ डॉक्टरांचा फोन लागत नव्हता. मी त्या बाईंना सांगितले की आता लिथियमची एकही गोळी घ्यायची नाही आणि कमरेची गोळीही बंद करायची. मग १०८ बोलावून त्यांना बेळगावला पाठवले. तिथे रक्तातले लिथियम १.८ निघाले. १.५ च्या वर गेले की विषबाधा धरतात.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला तेव्हा त्यांनी मनापासून शाबासकी दिली. पुढच्या मंगळवारी केसपेपरवर ‘लिथियम थांबवले’ अशी नोंद त्यांच्या सहीने झाली. यात त्यांचा दोष आहे असे मला म्हणायचे नाही. मला तशी नोंद करण्याचा अधिकारच नाही. पण औषध थांबवण्याचा निर्णय मी घेतला होता, आणि तो चुकला असता तर ती चूक कोणाची ठरली असती हे मला आजही माहीत नाही.

काही देशांत मनोविकारांची औषधे परिचारिका स्वतः लिहून देतात असे वाचले आहे. आपल्याकडे हा विषय काढला की काही डॉक्टर हसून सोडून देतात, काही रागावतात, आणि एक-दोघे हळूच म्हणतात की तुम्ही आत्ता जे करता तेच कागदावर यायला हवे. डॉक्टरांचा विरोध नेमका कशाला असतो? औषध लिहिण्याला, निदान करण्याला, की जबाबदारी कोणाच्या गळ्यात पडेल याला? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

मार्कंडेय (मनोविकारतज्ज्ञ, बेळगाव)

सिस्टर, तुम्ही त्या बाईंचे प्राण वाचवलेत हे आधी लिहितो आणि मग माझा विरोध मांडतो, कारण तो मला प्रामाणिकपणे वाटतो.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याने मानसिक आरोग्य परिचारिकेची स्वतंत्र व्याख्या केली, तिला ओळख दिली. पण त्याच कायद्याचे कलम १०६ सांगते की आपल्या व्यवसायाच्या कक्षेत न बसणारे औषध किंवा उपचार कोणी सुचवायचा नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने होमिओपॅथीच्या एका डॉक्टरांच्या खटल्यात म्हटले होते की ज्या शास्त्राचे शिक्षण नाही त्यातले औषध देणे हाच मुळात निष्काळजीपणा आहे, तो वेगळा सिद्ध करण्याची गरज नाही. हा निकाल आमच्या पिढीतल्या प्रत्येक डॉक्टरच्या मनात पक्का बसलेला आहे. २०१९ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कायद्यात कलम ३२ आले आणि त्याने ‘सामुदायिक आरोग्य सेवक’ अशा वर्गाला मर्यादित औषधे लिहिण्याचा परवाना देण्याची सोय केली, तेव्हा देशभरातल्या डॉक्टरांनी संप केला होता आणि त्या रागात हे कलम ठळकपणे होते. म्हणून तुम्ही हा विषय काढता तेव्हा समोरच्या डॉक्टरला तुम्ही दिसत नाही, त्याला ते कलम दिसते.

पण कायदा बदलता येतो. माझी खरी भीती निदानाची आहे. काही वर्षांपूर्वी सत्तरीच्या एका गृहस्थांना मुलाने आणले. घरच्यांच्या मते उदासीचा आजार वाढला होता. आजोबा बोलेनासे झाले होते, जेवताना मध्येच झोपत होते, रात्री अंगणात जाऊन मेलेल्या भावाला हाक मारत होते. त्यांना तीन आठवड्यांपूर्वी एसिटालोप्राम हे उदासीवरचे औषध सुरू केले होते आणि ‘गुण नाही’ म्हणून मात्रा वाढवून घ्यायला मुलगा आला होता. त्याच्या हातातल्या पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट होते आणि त्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते. मी रक्त तपासायला पाठवले तर सोडियम ११६ आले. म्हातारपणात ही दोन औषधे एकत्र पडली की सोडियम असे घसरू शकते, आणि घसरलेल्या सोडियमची लक्षणे वरवर पाहता उदासी वाढल्यासारखी किंवा वेड लागल्यासारखी दिसतात. मात्रा वाढवली असती तर आजोबा फिट येऊन गेले असते. मनोविकाराच्या औषधाची चिठ्ठी लिहिताना शरीराचा आजार लपून बसलेला नाही ना, हे आधी पाहावे लागते. थायरॉइड, मेंदूतला रक्तस्राव, फेफरे, दारू एकाएकी सुटल्यावर होणारा वाताचा झटका, हे सगळे आमच्या ओपीडीत ‘मानसिक’ म्हणून येते.

आता दुसरी बाजूही लिहिणे मला भाग आहे. आपल्या देशात एक लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा नाही, मोजदाद ०.७५ अशी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्क्यांना कोणता ना कोणता मनोविकार आढळला आणि त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. त्यामुळे सिस्टरने फोनवर ‘सर, अमुक रुग्णाची गोळी अर्ध्यावर आणू का’ असे विचारायचे आणि आम्ही गाडी चालवता चालवता ‘आणा’ म्हणायचे, हे रोज चालते. कागदावर नको म्हणणारे आम्ही फोनवर मात्र ते चालवून घेतो. तुमचा प्रश्न वाचून हे मला पहिल्यांदा लिहून काढावेसे वाटले.

वेदगंगा (मानसिक आरोग्य परिचारिका, मूळ गाव निपाणी, सध्या इंग्लंड)

ताई, तुमचा प्रश्न वाचून राहवले नाही. मी इथे गेली नऊ वर्षे औषधे लिहून देते, म्हणून हे कसे घडले ते सविस्तर सांगते.

हा अधिकार एका दिवसात मिळाला नाही. वस्त्यांमध्ये जाऊन काम करणाऱ्या परिचारिकांनी काही औषधे लिहावीत अशी शिफारस १९८६ च्या एका सरकारी अहवालात झाली, कायदा १९९२ साली आला, आणि सुरुवातीची यादी एवढी लहान होती की तीत मुख्यतः मलमे, मलमपट्टीचे सामान आणि पोट साफ होण्याची औषधे होती. मनोविकारांच्या दृष्टीने खरा बदल २००३ साली झाला. त्या वर्षी ‘पूरक’ अधिकार मिळाला. त्यात निदान डॉक्टर करतात, मग डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण यांच्या संमतीने एका रुग्णापुरता लेखी आराखडा तयार होतो. कोणते औषध, किती ते किती मात्रेपर्यंत, कोणत्या तपासण्या, आणि काय दिसले की रुग्ण पुन्हा डॉक्टरकडे पाठवायचा, हे त्या कागदावर असते, आणि त्या चौकटीत परिचारिका स्वतःच्या सहीने चिठ्ठी लिहिते. स्वतंत्रपणे लिहिण्याचा अधिकार २००६ साली आला आणि नियंत्रित औषधे (व्यसनाच्या धोक्यामुळे ज्यांवर कडक निर्बंध असतात ती) २०१२ साली खुली झाली. मी अभ्यासक्रम केला तेव्हा वर्गातले किमान २६ दिवस आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष कामाचे १२ दिवस होते, आणि त्याआधी परिचारिका म्हणून काही वर्षांचा अनुभव असावा लागे.

इथल्या मनोविकारतज्ज्ञांनीही सुरुवातीला तेच विचारले जे मार्कंडेय डॉक्टरांनी विचारले आहे. शरीराचा आजार ओळखता येईल का, औषधशास्त्र पुरेसे येते का, देखरेखीचा वेळ कोण देणार, आणि न्यायालयात कोण उभे राहणार. या प्रश्नांवर इथे पुष्कळ पाहण्या झाल्या आणि त्यांतून पुन्हा पुन्हा दिसलेली एक गोष्ट माझ्याही अनुभवाशी जुळते. औषध लिहिणाऱ्या परिचारिकेबरोबर ज्या डॉक्टरांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांचा विरोध सौम्य असतो, आणि ज्यांनी तिला फक्त कागदावर पाहिले आहे त्यांचा तीव्र असतो. माझ्या विभागातले सर्वांत कडक डॉक्टर पहिले सहा महिने माझी प्रत्येक चिठ्ठी मागून घेऊन वाचत. मला अपमान वाटायचा. आता मागे वळून पाहते तेव्हा वाटते की त्या सहा महिन्यांत मी अभ्यासक्रमापेक्षा अधिक शिकले.

निदानाबद्दल डॉक्टरांशी मी सहमत आहे, आणि म्हणूनच माझे काम बहुतेक वेळा चालू असलेल्या औषधांचे असते. स्किझोफ्रेनियावरच्या क्लोझापिन या औषधाचे उदाहरण घ्या. या औषधाने पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात घटू शकतात म्हणून इथे पहिले १८ आठवडे दर आठवड्याला, मग पहिले वर्ष पूर्ण होईपर्यंत पंधरा दिवसांनी आणि नंतर महिन्याला रक्त तपासतात. हा दवाखाना इथे परिचारिकाच चालवतात. आमच्या निपाणीच्या माणसाला लगेच कळेल अशी एक गोष्ट सांगते. विडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृतातले एक विकर जोरात काम करू लागते आणि क्लोझापिन लवकर संपवते. म्हणजे विड्या ओढणाऱ्या रुग्णाची मात्रा त्याच्या विड्यांसकट ठरलेली असते. तो रुग्णालयात भरती झाला, किंवा नातवाच्या शब्दाखातर त्याने एकाएकी विडी सोडली, की तीच मात्रा काही दिवसांत जड होते. माणूस दिवसभर पेंगतो, तोंडातून लाळ गळते, क्वचित फिट येते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, म्हणून निकोटिनच्या गोळ्या चघळल्या तरी फरक पडत नाही. विडी सुटली ही बातमी डॉक्टरला तीन महिन्यांनी कळते; परिचारिकेला ती रक्त काढताना, सुई टोचता टोचता कळते. त्या क्षणी मात्रा कमी करण्याचा अधिकार तिथेच हजर असलेल्या माणसाकडे असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

एक कटू गोष्टही सांगायला हवी. इथे अभ्यासक्रम पूर्ण करूनही चिठ्ठी न लिहिणाऱ्या परिचारिका पुष्कळ आहेत. जबाबदारी वाढली, पण पगार आणि वेळ तेवढाच राहिला, हे त्याचे मोठे कारण.

औषधपेटी (औषध विक्रेता, चिकोडी)

थोडक्यात लिहितो. डायझेपाम, अल्प्राझोलाम यांसारखी झोपेची-चिंतेची औषधे परिशिष्ट एच-१ मध्ये, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवाव्या लागणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत येतात. ती देताना लिहून देणाऱ्या डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे ठेवावी लागते. सिस्टरच्या सहीची चिठ्ठी आली तर त्या रकान्यात मी काय लिहू? माझी ना नाही, पण नियम बदलताना दुकानदाराच्या रकान्याचाही विचार व्हावा, नाहीतर रुग्ण चिठ्ठी घेऊन दारोदार फिरेल. आणि डॉक्टरांच्या चार वर्षांपूर्वीच्या चुरगळलेल्या चिठ्ठीवर झोपेच्या गोळ्या मागायला येणारे रोज भेटतात. ताजी, तारखेची, सिस्टरने पाहून दिलेली चिठ्ठी त्यापेक्षा नक्कीच बरी.

कृष्णाकाठ (रुग्णाचा भाऊ, अथणी तालुका)

मी डॉक्टर नाही, परिचारिका नाही. माझ्या धाकट्या भावाला बारा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. आम्ही कधी मिरजेला जातो, कधी धारवाडला; दोन्हीकडची कागदपत्रे एकाच पिशवीत, अर्धी मराठी-इंग्रजीत, अर्धी कन्नडमध्ये. 

एकदा त्याला जास्त झाले म्हणून एका दवाखान्यात हॅलोपेरिडॉल या भास-भ्रम आवरणाऱ्या औषधाचे इंजेक्शन दिले. रात्री त्याची मान डावीकडे वळत वळत खांद्याला टेकली, डोळे वर जाऊन पांढरे झाले, जबडा आवळला आणि जीभ बाहेर येऊ लागली. तो शुद्धीत होता, सगळे कळत होते, डोळ्यांतून पाणी येत होते. आई म्हणाली, देवीचे काही राहून गेले, सौंदत्तीला नवस बोलूया. त्याच दवाखान्यात परत नेले तर रात्रपाळीच्या सिस्टरने दारातच पाहिले आणि सांगितले की हे इंजेक्शनमुळे झाले आहे, घाबरू नका, यावर प्रोमेथाझिनचे इंजेक्शन आहे. ते इंजेक्शन तिच्या ट्रेमध्ये होते, मी पाहिले. पण डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ती देऊ शकत नव्हती. ते येईपर्यंत पन्नास मिनिटे गेली. त्या पन्नास मिनिटांत मी भावाचे डोके दोन्ही हातांनी धरून उभा होतो. इंजेक्शन दिल्यावर वीस मिनिटांत मान सरळ झाली.

त्या रात्रीनंतर भाऊ दोन वर्षे कोणतेही इंजेक्शन घ्यायला तयार झाला नाही. गोळ्या चुकवायचा, आजार उलटायचा. डॉक्टरांनी लिहिलेली सगळी कायद्याची कारणे मला पटतात. तरीही ट्रेमधले औषध आणि माझ्या भावाची मान यांच्यात दोन हातांचे अंतर होते, आणि ते ओलांडायला पन्नास मिनिटे लागली, हे मी विसरू शकत नाही.

घटप्रभा (निवृत्त परिचारिका, धारवाडला काम केलेली)

मी चौतीस वर्षे या कामात काढली, त्यांतली बरीचशी धारवाडात, जिथे मनोरुग्णालय १८४५ सालापासून आहे. माझे मत इथल्या बहुतेकांना आवडणार नाही. मला चिठ्ठीचे पेन कधीच नको होते.

कारण सांगते. रुग्ण डॉक्टरला खोटे सांगतो आणि आम्हांला खरे सांगतो. डॉक्टरने विचारले, गोळ्या घेता का, तर उत्तर ‘हो, सगळ्या घेतो’. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले की तोच माणूस माझा पदर धरून म्हणायचा, सिस्टर, त्या पिवळ्या गोळीने नवरा-बायकोचे काही राहिले नाही, मी ती गटारात टाकतो, सांगू नका. हे तो मला का सांगायचा? कारण ती गोळी मी लिहिलेली नव्हती. उद्या गोळी माझ्या सहीची झाली की माझ्याशीही तो डॉक्टरशी बोलतो तसाच बोलेल, ही माझी भीती आहे. वेदगंगा ताईंनी यावर लिहावे, कारण त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

दुसरे असे की आज एका वॉर्डात किती परिचारिका असतात ते बघा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे. त्याचा पाया त्याही आधी आपल्याच राज्यात बळ्ळारीत घातला गेला. त्या पथकात परिचारिकेची जागा कागदावर पहिल्यापासून आहे. प्रत्यक्षात तीच परिचारिका लसीकरणालाही पाठवली जाते आणि निवडणुकीच्या कामालाही. तिच्या हातात आणखी एक काम देताना तिच्या हातातले काय काढून घेणार, हे आधी ठरवा.

पण अथणीच्या भावांचे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ आहे. असे वळलेले मान-डोळे मी शेकडो पाहिले. आमच्या वॉर्डात एका जुन्या डॉक्टरांनी भिंतीवर स्वतःच्या सहीचा कायमचा आदेश लावून ठेवला होता: हॅलोपेरिडॉलनंतर मान वळली तर सिस्टरने अमुक इंजेक्शन अमुक मात्रेत ताबडतोब द्यावे आणि मग मला कळवावे. त्या कागदाने कोणाची सत्ता गेली नाही. असा कागद प्रत्येक दवाखान्यात का नसावा? तेवढ्यासाठी कायदा बदलण्याचीही वाट पाहायला नको.

वेदगंगा

घटप्रभा ताई, तुमची भीती खरी आहे. पहिल्या वर्षी माझ्या दोन रुग्णांनी मला गोळ्या टाकून दिल्याचे सांगणे बंद केले, आणि ते मला नंतर रक्ताच्या अहवालावरून कळले. मी त्यावर एकच उपाय करू शकले. चिठ्ठी लिहिण्याआधी मी विचारते, ‘यांतली कोणती गोळी तुम्हांला नकोशी वाटते?’ घेता का, असे विचारतच नाही. हळूहळू बोलणे पुन्हा सुरू झाले, पण पूर्वीइतके नाही. काही गेले हे मान्य करते. त्या बदल्यात नकोशी गोळी त्याच दिवशी बदलता येते. माझ्या रुग्णांपैकी काहींना हा सौदा परवडला, सगळ्यांना परवडला असे म्हणणार नाही.

मलप्रभाकाठ

सर्वांचे आभार. मी सगळे दोनदा वाचले आणि मला माझाच प्रश्न नीट कळला. पहिली चिठ्ठी, म्हणजे निदान आणि औषधाची सुरुवात, मला नको आहे. आजोबांच्या सोडियमची गोष्ट वाचल्यावर तर मुळीच नको. मला हवे आहे ते ठरलेल्या औषधाच्या चौकटीत वागण्याचे स्वातंत्र्य, आणि मी वागले याची माझ्या नावाने नोंद. रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांना डॉक्टरांनी ठरवलेल्या गोळ्या गावातल्या आरोग्य केंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी महिन्याच्या महिन्याला देतातच, आणि त्यांतले पुष्कळजण मुळात परिचारिकाच आहेत. मग लिथियमच्या रुग्णाला ‘जुलाब झाले तर गोळी थांबवा’ हे सांगणारा कागद का नसावा?

घटप्रभा ताईंच्या भिंतीवरच्या कागदावरून मी लिथियमच्या रुग्णांसाठी एक पान तयार केले आहे. वरच्या बाजूला रुग्णाचे नाव, चालू मात्रा आणि शेवटची पातळी. त्याखाली, शेवटची गोळी घेतल्यानंतर १२ तासांनी रक्त काढायचे, ही सूचना. मग परिचारिकेने गोळी थांबवण्याची कारणे: जुलाब किंवा उलट्या, हाताची थरथर वाढणे, चालताना झोक जाणे, जीभ जड होणे, बाहेरून वेदनाशामक गोळ्या घेतलेल्या असणे. गोळी थांबवल्यावर किती वेळात कोणाला फोन करायचा, फोन लागला नाही तर कोणाकडे पाठवायचे. आणि खाली दोन सह्या, डॉक्टरांची आधीची आणि माझी त्या दिवसाची, वेळेसकट. रुग्णासाठीचा भाग मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हींत लिहिला आहे, कारण पलीकडच्या गावांतून कानडी रुग्णही तेवढेच येतात. मार्कंडेय डॉक्टर, असे पान मंगळवारी येणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवले तर ते सही करतील असे आपल्याला वाटते का? आपण स्वतः कराल का?

मार्कंडेय

सिस्टर, काल रात्रीपासून याच प्रश्नाचे उत्तर शोधत आहे. मनोविकारांची औषधे लिहिण्याचा सरसकट अधिकार परिचारिकांना द्यावा या मताला मी आजही विरोध करीन. पण आपले पान म्हणजे माझाच आदेश आधी लिहून ठेवलेला आहे, आणि आपण माझ्या डोळ्यांनी पाहून तो अमलात आणता. फोनवरच्या ‘आणा’ पेक्षा तो मला अधिक सुरक्षित वाटतो. फोनवर मी काय ऐकले आणि काय बोललो याचा पुरावा ना आपल्याकडे राहतो ना माझ्याकडे.

मी सही करीन. मात्र तीन दुरुस्त्या करा. थांबवण्याच्या कारणांत ताप आणि उन्हातले काम घाला. मार्च ते मेमध्ये आपल्याकडे घामानेच पाणी कमी होते. रक्तदाबाची गोळी नव्याने सुरू झाली आहे का, हाही प्रश्न तिथेच हवा, कारण लघवीच्या काही गोळ्यांनीही लिथियम चढते. आणि दर सहा महिन्यांच्या तपासणीत आपण मूत्रपिंडाची ओळ लिहिली असेल असे धरतो, पण थायरॉइडची ओळ राहून जाते, ती घाला. हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शनसाठी वेगळे पान करा. अथणीच्या भावांनी लिहिलेली लक्षणे त्यात आहेत तशीच उतरवून घ्या, पुस्तकातली भाषा नको. दोन्ही पाने मला पाठवा, म्हणजे माझ्या इतर दोन तालुक्यांच्या सिस्टरांनाही देता येतील.